दोघींना कुंकू

आये, तुला आजवर कवा कागद लिवला न्हाई. तू गेलीस तवा मला नीट लिवता बी येत नव्हतं. आता मी कोपरगावात लग्नपत्रिका छापायच्या दुकानात हाय, कंप्युटरवर अक्षरं जुळवायचं काम करते. सातवीपतोरच शिकले, पर मराठी बटनं बोटाला पाठ हायत. दुपारची मागल्या खोलीत झोळीत पोरगी निजलेली आसती, साखर कारखान्याकडनं मळीचा गोड आंबूस वास येतो, आन पडद्यावर कुनाच्या तरी लेकीचं नाव मी सावकाश उमटवत आसते. तवा वाटतं, तू मागं हुबी ऱ्हाऊन बघतीस. मान वळवत न्हाई मी. वळवली तर जाशील.

मागल्या म्हयन्यात एक झालं, ते तुलाच सांगावं वाटलं. आमच्या मशीनच्या पोटात एक डिस्क हाय, तिच्यातच जुनी सिस्टीम आन सगळ्या पत्रिका. मालकानं दुसरी डिस्क आनली, नवी विंडोज घालायला. रंगीत चित्रं नव्यावर चांगली निघत्यात, पर आपली मराठी अक्षरं जुन्यावरच चालत्यात, म्हनून दोन्ही ठिवायच्या. संगमनेरच्या मेकॅनिकनं फोनवर सांगितलं, आदी जुनी काढून बाजूला ठिवा, नव्या एकटीवर विंडोज घाला, मग दोन्ही जोडा. मालकानं जुनी काढून टेबलावर ठिवली. वहिनीनं, म्हंजी मालकाच्या बायकोनं, नवीला कुंकू लावलं. नवी वस्तू घरात आली की लावत्यात तसं. मालक म्हनले, "झ्याक झालं, खूण बी झाली." मी मागं पोरीचं दुपटं बदलत हुते, मला ते ऐकू आलं न्हाई, मागनं कळलं.

ते दोघं च्या प्यायला गेले. मी फुडं आले तर टेबलावर कागद हातरून दोघी डिस्का शेजारी शेजारी. एकीच्या कपाळाला कुंकू, दुसरी कोरडी. आये, माझं बोट वहिनीच्या कुंकवाच्या करंड्यात कवा गेलं आन दुसरीला कवा टेकलं मला कळलं न्हाई.

तुला ती संक्रांत आठवती का. बाबानं धाकलीला तुझ्यावर करून आनल्याला सा महिने झाल्ते. वटा बायांनी भरलाय, माझ्या हातात हळदीकुंकवाचं ताट. मी सगळ्यांना लावत आले आन धाकलीला मुद्दाम वलांडून फुडं गेले, तुला बरं वाटंल म्हनून. तू चुलीपासनं उठलीस. पिठाच्या हातानं माझं मनगाट धरलंस. "एकीला लावून दुसरीला कोरडं ठिवू न्हाई." एक बाई म्हनली, "आगं, सवत हाय ती तुझी." तू म्हनलीस, "आसंल. पर वट्यावर बसलीय न्हवं."

तर मालक आले, कुंकवाची म्हनून हाताला आली ती डिस्क मशीनला जोडली, दुसरी न बघताच पेपरात गुंडाळून ठिवली. मला म्हनले, "विंडोजची पैली फ्लॉपी घाल, मग मशीन चालू कर. सगळं पुसायचं का इचारंल, व्हय म्हन. मग एकेक फ्लॉपी मागंल तशी देत जा." आन स्टँडवर पार्सल द्यायला गेले. मी घाबरून फ्लॉपी घालायचीच इसरले, नुसतंच बटन दाबलं. नवी कोरी डिस्क, पडदा रिकामा ऱ्हायला पायजे. तर समोर रोजचीच यादी. समद्या लग्नसराईच्या पत्रिका. उद्या छापायची बी त्यातच.

फ्लॉपी घालून व्हय म्हनलं आसतं तर समदं गेलं आसतं. आन खरं सांगितलं तर काम जानार. मशीनच्या वस्तूला हात लावायचा न्हाई, आसं पैल्या दिवशीच बजावलेलं. पोरीला झोळीसकट दुसरं कोन दुकानात घिईल? दोन्ही हात मांडीखाली धरून मी तशीच बसले.

मालक आले. "आजून पैलीच फ्लॉपी हातात?"

"मालक, ही जुनी हाय."

"कुंकू हाय की तिला."

"दोघींना हाय. म्या लावलं."

त्यांनी पेपर उलगडला. आतलीला बी कुंकू हुतं. मग खुर्चीत बसले. "आगं, सवती हायत का ह्या, एकीला राग यायला?"

वहिनी दारातनं म्हनली, "लावलं ते लावलं. सांगितलं न्हवं तिनं. न्हाईतर बसला आसता उद्या लोकांच्या शिव्या खात."

"उद्या प्रिंटरला लुगडं नेसव म्हनावं," मालक पुटपुटले, आन दोन्हीवर पेनानं लिवलं. जुनी. नवी. काम ऱ्हायलं माझं.

आता दोन्ही जोडल्यात, रोज सकाळी मशीन इचारतं, कुठली पायजे. मी जुनीवर बोट ठिवते.

पर आये, त्या दिवसापासनं एक भ्या बसलंय. तुझं तोंड आठवाया गेलं की धाकलीचं म्होरं येतं. पिठाचा हात तुझाच, मनगाट धरल्यालं बी कळतं, वर बघावं तर ती. माझी पोरगी दीड वर्साची, तिला तर माझं कायच आठवायचं न्हाई, मी आत्ता गेले तर.

हा कागद टपालात टाकायचाच न्हाई. रद्दी पत्रिकेच्या पाठीमागं लिवलाय. येक ऱ्हायलं. तू गेलीस त्या वर्सी मला ताप आल्ता, धाकली रातभर उशाशी बसली, आन तापात म्या तिला आई म्हनले. ताप उतरला तरी म्हनतच ऱ्हायले.