सानवीची साय

दांडिया बाजार, बडोदे
४ ऑगस्ट

चि. सौ. निरुपमास,
अ. उ. आ.

माझ्या मूलभूत हक्कांवर गदा आली आहे. पंधरवडाभर झोपाळ्यावर झोका घ्यायचा नाही, असा तुझ्या लेकीचा हुकूम आहे. प्रयोगशाळेतलं उबदार कपाट बिघडलं, म्हणून तिनं आमच्या दिवाणखान्यात काचेचे ट्रे मांडलेत. साखरपाण्यात व्हिनेगरचे जिवाणू. ते वर सेल्युलोजची साय विणतात. हादरा बसला की सायीला पदर सुटतात म्हणे. मी तक्रार केली, तर गुजरातीत, मामा, सांभाळी लो ने, म्हणते, म्हणजे सांभाळून घ्या.

लोभ चालू ठेव, झोपाळा तर बंदच आहे.
आनंददादा

सांगली
२० ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झोपाळ्याचं सुतक पुरे. फोनवर बोलावं तर सानवी तुझ्या शेजारीच असते, म्हणून पत्र. तिची शिष्यवृत्ती डिसेंबरात संपतेय. तुमच्या बडोद्याजवळच्या सावली गावातल्या कारखान्यातली नोकरी सप्टेंबरअखेरपर्यंतच खुली आहे. भाजलेल्या जखमेवरची पट्टी बनवतेय हे कळतं रे, पण तीन वर्षं झाली, पट्टी कुठाय? या खेपेलाही फसलं तर नोकरी घ्यायला सांग. माझं नाही, तुझं ऐकेल.

खोडसाळ असलास तरी लोभ हवाच.
निरुपमा

बडोदे
२८ सप्टेंबर

चि. निरुपमास,
अ. उ. आ.

या खेपेला फसलं. नुसती साय जखम ओली ठेवते, जंतू मारत नाही. म्हणून सानवी तिच्या पृष्ठभागावर अमाइन नावाचे गट रासायनिक बंधानं जोडते. पहिल्या पट्टीनं सगळे जंतू मारले. तिचे सर पेढे मागवायला निघाले. हिनं तीच पट्टी आपणहून त्वचेच्या पेशींवर ठेवली, त्याही मेल्या. मी निर्लज्जपणे विचारलं, हे कोण बघायला जातंय? म्हणाली, भाजलेल्याची कातडी बघेल, मामा.

पेढे राहिले. तिनं नवी साय वाढवली, अमाइन कमी जोडले. काल जंतू मेले, पेशी जगल्या. अजून काचेच्या बशीतच, माणसावर नाही, हेही तिनंच मला दोनदा बजावलं. आपल्या घराण्यात एवढं खरं बोलायची पद्धत कुठून आली, कोण जाणे.

नोकरीचं मी तिच्यापाशी काढलेलं नाही, काढणारही नाही. डिसेंबरनंतर ती इथेच राहील, जेवेल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
आनंददादा

ता. क. नव्या सायीच्या वेळी घरातली साखर संपली, तेव्हा तिनं वरच्या मंदाकिनीबेनकडून वाटीभर आणली होती. आज सानवी झोपलेली असताना मी शीग लावून परत देऊन आलो.