कंटाळवाण्यांची प्रतवारी

३ मार्च, मंगळवार

कन्या म्हणाली, 'रविवारी त्याला जेवायला आणतेय. आधीच सांगते बाबा, तो जरा डल आहे.' तो म्हणजे तिला लग्नाचं विचारणारा, लिफ्ट तपासणारा साहेब.

'मग आणतेस कशाला?'

'बघा तरी!'

ओळखलं! हिला नाही म्हणायचंय, पण जीभ रेटत नाही. वाईटपणा बापाने घ्यायचा. घेऊ!

५ मार्च, गुरुवार

आमच्या रंगाच्या दुकानात डल म्हणजे न चकाकणारा. भिंतीला शोभतो, जावयाला? इंग्रजीचे प्रोफेसर फाटकाचा रंग न्यायला आले होते, त्यांनाच विचारलं. डल म्हणजे चमक नसलेला. ड्रॅब म्हणजे दिसायलाच मळकट. टीडियस — रटाळ, संपता संपत नाही तो. इन्सिपिड — मिळमिळीत, चवच नाही. एका कंटाळ्याला केवढा हा गोतावळा! आमच्याकडे एक जांभई दिली की भागतं. बरं, समजावत इतका वेळ उभे राहिले, की टीडियस मला उदाहरणासकट कळला.

८ मार्च, रविवार

आला. शर्ट कडक इस्त्रीचा — ड्रॅब बाद. चार वाक्यांत जेवण उरकलं — टीडियसही बाद. मी हातगाडीवर डबे विकायचो तिथपासूनचे सगळे हुकमी किस्से काढले. ऐकत राहिला नुसता! शेवटी विचारलं, 'लिफ्टमध्ये काही गंमत घडते की नाही?'

'घडू नये, म्हणूनच मला ठेवलंय.'

बायको हसली. मी नाही.

फाटकापाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 'बाळा, मुलीच्या मनात नाही. तिला बोलवत नाही, म्हणून मी सांगतो.'

'बरं,' म्हणाला आणि गेला. अरे, भांडायचं तरी! इन्सिपिड. शुद्ध इन्सिपिड! प्रोफेसरांना कळवायला हवं.

९ मार्च, सोमवार

कन्येला अजून बोललो नाही. आपण होऊन आभार मानू दे.

१० मार्च, मंगळवार

तिला त्याच्याकडूनच कळलं. वाटलं, ओरडेल. हळू आवाजात म्हणाली, 'डल आहे म्हणाले होते मी, बाबा. नको आहे म्हणाले होते का? जन्मभर गमतीदार माणसाच्या घरात राहिले — एक वाक्य पुरं करायला मिळालं नाही. त्याच्यापाशी मिळतं.'

बॅग भरलेलीच होती. मी बायकोकडे पाहिलं, म्हटलं, आता हीच काय ती समजावेल. ती बॅगेचा दुसरा बंद धरून उभी होती.