रंगवलेला बोल्ट

बाबा,

गाडीतला नवा अॅम्प्लिफायर परत करायला जाऊ नका, तो चांगला आहे. अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून घूं घूं यायचं, ते अर्थिंगमुळे. फिटरने अर्थिंगची वायर डिकीतल्या बोल्टाला लावलीय आणि तुम्ही गंज नको म्हणून दर मे महिन्यात गाडीचा एकूण एक बोल्ट रंगवता. रंगातून करंट जाणार कसा? सकाळी बॅटरी सोडवून मी रंग खरवडला आणि वायर घट्ट आवळली. आता तुमची भजनं स्वच्छ वाजतात.

पोदेराकडून घेतलेले उंडे पाव डब्यात आहेत. मी बसने कामावर जाते. संध्याकाळी साखळीच्या बसस्टँडवर न्यायला या, पण आवाज बारीक ठेवा. काल फिटरसमोर ‘पोरींना यातलं काय कळतं’ म्हणालात, ते मागे घेताना मला नीट ऐकू यायला हवं.

गौरवी