कॅमेरा बंद पडला की

सरावली, मंगळवार संध्याकाळ

अखेर सापडलं. कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासणारा कॅमेरा रोज जेवणानंतर का बंद पडतो, ते. वाकडं झाकण दिसलं की ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा प्रोग्राम, तो फोटो बाजूला टाकतो, पण फोटोने अडवलेली मेमरी सोडतच नाही. साचत साचत कॅमेऱ्याचा छोटा कॉम्प्युटर गुदमरतो. आठवडाभर डोकेफोड केली आणि चूक निघाली एका ओळीची. आनंद व्हायला हवा होता ना?

पण मालतीताईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. त्या घिवलीहून येतात, बाटल्या वाहून आणणाऱ्या पट्ट्याशी उभ्या राहून त्या बाटल्या खोक्यात भरतात. मी ऐटीत सांगायला गेले, आता कॅमेरा बंद पडणार नाही. त्या उलट्या क्रेटवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तो बंद पडतो तवाच आमी बसतो. आता नाय पडणार?"

तक्रार नव्हती. नुसतं विचारलं.

तो उलटा क्रेट. कॅमेरा परत चालू होईपर्यंत पट्टा थांबतो, तेवढ्यात सगळ्या बायका अशाच क्रेटवर टेकतात. मला वाटायचं, माझ्यावर वैतागून बसल्यात.

उद्या दुरुस्ती टाकायचीच, त्यासाठीच तर बोलावलंय मला. पण कारखान्याच्या साहेबांना सांगणार आहे, रोज जेवणानंतर पट्टा थांबवून कॅमेऱ्याची काच पुसावी लागेल. पुसायला किती वेळ लागतो, ते त्यांना कुठे माहीत आहे? मालतीताईंना सांगेन, एकीने पुसायची, बाकीच्यांनी बसायचं. आणि पुसणारीने घाई करायची नाही.