न हरवलेले आठ शर्ट आणि तुझे उरलेले दोन वार

ती. ताईस,
तुझ्या धाकट्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

डोक्याला एक टेंगूळ, इस्त्रीवाल्याचा अबोला आणि मुळात हरवलेच नव्हते अशा आठ शर्टांचा शोध, एवढी किंमत देऊन मला जी अक्कल आली ती तुला फुकटात कळवतो आहे. गुडघे कसे आहेत? ('बरे आहेत' असं लिहू नकोस. फोनवर बोलता बोलता तू उठतेस तेव्हा काहीतरी करकरतं, ते मला इथवर ऐकू येतं. ती खुर्ची नव्हे.) इकडे सगळं ठीक. घरात काय नि लाँड्रीत काय, अजून माझ्या शब्दाबाहेर इस्त्रीची वायरसुद्धा जात नाही.

तर झालं असं, की कोपऱ्यावरच्या हॉटेलातून नोकरांचे शंभर शर्ट धुवायला आले. मी स्वतः चष्मा लावून बघितले. डाग पडलेले तीस, बटण तुटलेले वीस. तीस नि वीस पन्नास, हे मला कुणी शिकवायला नको. (एक बादली आणि उसनी इस्त्री एवढ्यावर धंदा उभा केलाय मी.) इस्त्रीवाल्याला म्हटलं, खराब तेवढे बाजूला काढ. त्याने काढले, तर ढिगात बेचाळीसच! आठ गेले कुठे? मी दुकान डोक्यावर घेतलं. गिऱ्हाइकांची गाठोडी सोडली, मशीनखाली रांगत शिरलो, टेंगूळ घेऊन बाहेर आलो आणि इस्त्रीवाल्याला त्याच्या अंगातल्या शर्टाबद्दल विचारण्यापर्यंत मजल गेली. त्याने तो काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि गंजीफ्रॉकवर घरी गेला. चांगल्या ढिगात अठ्ठावन्न होते, ते मोजले असते तरी उलगडा झाला असता; पण रागावलेला माणूस एकच ढीग मोजतो.

एवढ्यात सूनबाई डबा घेऊन आली. (शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आवाज न चढवता अपमान करता येतो.) म्हणाली, "बाबा, डागही आहे आणि बटणही नाही, असे शर्ट तुम्ही दोन्हीकडे मोजलेत." काढून बघतो तर बरोब्बर आठ! दोन्हीकडे हजेरी लावणारे एकदा वजा करायचे, म्हणजे डोळे मिटून उचललेला शर्ट खराब निघण्याची शक्यता शंभरात बेचाळीस. आणि ती शंभरातून काढली की उरते ती चांगला निघण्याची. मी इस्त्रीवाल्याचा शर्ट स्वतः कडक इस्त्री करून त्याच्या घरी नेऊन दिला. त्याने उलटसुलट करून बघितला आणि एवढंच विचारलं, "कॉलर जाळली नाहीत ना, शेठ?"

संध्याकाळी तुझं पत्र पुन्हा काढलं. तू लिहितेस, काळजी करू नकोस, दूधवाला चार वार येतो, समोरची बाई तीन वार डोकावते, चार नि तीन सात, आठवडा भरला. ताई, गणितात आपण दोघं एकाच आईची लेकरं! दूधवाला सोम, मंगळ, गुरू, शनी. समोरची बाई सोम, गुरू, रवी. सोमवार आणि गुरुवार तू दोनदा मोजलेस. म्हणजे तुझ्या दारावर कुणाची तरी थाप पडायची शक्यता सातात पाच, आणि कुणाचीच न पडायची सातात दोन. आजवर मी त्या पाचांवर भरवसा ठेवून झोपत होतो. मागच्या महिन्यात न्हाणीघरात तुझा पाय घसरला तो सोमवार होता. दूधवाल्याने दार उघडलं, समोरच्या बाईने तुला उठवलं. तो बुधवार असता तर, हे वाक्य मला पुरं करता येत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. लाँड्रीमागची खोली रिकामी केली आहे. जिना नाही, न्हाणीघराला दांडी बसवली आहे आणि इथे सातही वार कुणी ना कुणी हाकेच्या अंतरावर भांडत असतं. ये. 'विचार करून कळवते' असं लिहू नकोस.

ता. क. दुसरा. तुझा होकार आला की घरात विषय काढायचा असं मी ठरवलं होतं. पण तुझी भावजय परवाच्या गाडीने तुला आणायला निघते आहे. तिकीट तिने गेल्या आठवड्यातच काढलं. मला आज सांगितलं.