न पोचवलेली बाटली

मी, बेंजामिन कोमला दोग्बात्से, वय एकोणपन्नास, राहणार केटा, छोट्या कांद्यांची शेती करणारा, मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. येत्या गुरुवारी अक्राच्या इस्पितळात माझे पोट उघडणार आहेत. पुढचे देवाच्या हाती. आज डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि मागे उभे राहून कोणी सांगत नाही, म्हणून हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहून ठेवतो.

मालमत्तेआधी एक सकाळ लिहिणे भाग आहे. १९७३ च्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी मी जिनची चौकोनी हिरवी बाटली घेऊन गाणी बांधणाऱ्या कोसिवा ग्बेकू आजींच्या कुंपणापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो. बाटली कांद्याच्या खोपीत पुरली. मग आमच्या बँडच्या लोकांना जाऊन सांगितले, "दिली. आजी हो म्हणाल्या."

आता कलमे.

पहिले, घर. वडिलांनी बांधलेल्या चार खोल्यांपैकी दोन समुद्राने नेल्या. त्याने मृत्युपत्राची वाट पाहिली नाही. उरलेल्या दोन माझी पत्नी एन्योनाम हिच्या. छपराचे पत्रे माझे चुलतभाऊ मागतील. पूर्वीही त्यांनी 'दोन दिवसांसाठी' नेलेले सहा पत्रे आज त्यांच्या कोंबड्यांवर आहेत. कोंबड्या सुखात आहेत, तेवढे पुरे.

दुसरे, अन्लोगाच्या बाजूचे कांद्याचे तीन वाफे, विहीर आणि बादल्या मुलगी झिफा हिला. वाफ्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी हवे, आणि तिला ते सांगावे लागत नाही.

तिसरे, माझी घंटा. दोन तोंडांची, लोखंडी, आजोबांच्या लोहाराने घडवलेली. तीही झिफाला. घंटा पुरुषांनीच धरावी म्हणणाऱ्यांनी आधी तिचे सात ठोके ऐकावेत आणि मग बोलावे.

घंटेविषयी थोडे जास्त लिहितो. आमच्या आग्बाझा नाचात ढोल बोलतात, भांडतात, थट्टा करतात. घंटेला मात्र यातले काही करता येत नाही. सात ठोके झाले की पुन्हा पहिल्यापासून. वाजवणाऱ्याने हसायचे नाही, गायचे नाही, दुसरीकडे पाहायचे नाही. चौदाव्या वर्षापासून मी हेच केले. मग आग्बेको सोक्पोली लोमेहून इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. खाडीकाठच्या दारूच्या दुकानात जनरेटर लावून त्याने अमेरिकन सोल गाण्यांचे सूर काढले आणि मला म्हणाला, "कोमला, तुझं ते घड्याळ चालू कर."

मी ठोके धरले. त्याचे सूर आधी बाजूबाजूने चालले, एकदा अडखळले, आणि मग आत आले. मुख्य ढोलाने जे बोलायचे ते गिटार बोलू लागली, आवाज फाटून, भाजल्यासारखा. म्हातारे ढोलवाले बाकांवरून उठून उभे राहिले. कोणी टाळी वाजवली नाही. मला चर्चमधले पहिले स्तोत्र आठवले, जे मी आईच्या कडेवरून ऐकले होते. देवाने हे ठोके केले तेव्हाच त्याला ही गिटार ठाऊक होती, असे मला वाटले. आजही वाटते. त्या दिवसापासून आम्ही सात जण 'लॅगून सेव्हन' झालो.

आमचे सगळ्यात गाजलेले गाणे कोसिवा आजींचे. नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा त्यांनी ते बांधले:

समुद्रा, तू माझं दार नेलंस,
समुद्रा, तू माझी चटई नेलीस,
समुद्रा, तू माझा माणूस नेलास.

चारचौघांत त्या गाणे इथवरच म्हणत. शेवटची ओळ जो बाटली घेऊन रीतसर मागायला येईल त्यालाच देत. बाटलीतली जिन आधी जमिनीवर ओतायची, मेलेल्यांची नावे घ्यायची, मग ओळ. माझे वडील मिशनचे उपदेशक होते. मेलेल्यांना दारू पाजणे हे पाप, असे मी त्यांच्या मांडीवर शिकलो. बँडने मलाच पाठवले, कारण मी दारू पीत नव्हतो आणि बाटली वाटेत रिकामी होण्याची भीती नव्हती.

"आणि शेवटची ओळ?" त्या शनिवारी आग्बेकोने विचारले होते.

"शेवटची ओळ नाहीच मिळणार, म्हणाल्या."

म्हणून अक्राच्या स्टुडिओत आम्हाला गाणे संपवताच येईना. 'माणूस नेलास' यावर आम्ही फिरत राहिलो, फिरत राहिलो, शेवटी यंत्रावरच्या माणसाने आवाज हळूहळू कमी केला. आग्बेको हरखून गेला. "वा! ओहोटी लागल्यासारखं वाटतं!" ती रेकॉर्ड लोमेपासून लेगोसपर्यंत वाजली. लोक नाचता नाचता रडत. मी वीस वर्षे कौतुक ऐकले आणि मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

चौथे कलम परवा, शनिवारी, असे लिहिले होते: 'खोपीतली बाटली माझ्या पश्चात झिफाने कोसिवा आजींना पोचवावी आणि माझ्या वतीने क्षमा मागावी.'

एन्योनामने कागद वाचला. चुलीवर मक्याच्या पिठाचे आक्प्ले घोटता घोटता म्हणाली, "मुलीला पाठवताय? तुमच्या पायांना काय झालंय? उघडणार ते पोट ना?"

रविवारी चर्चमध्ये माझे लक्ष लागले नाही. आज सोमवारी सकाळी मी बाटली उकरली.

कोसिवा आजी आता नव्वदीच्या आहेत, दिसत नाही. कुंपणापाशी थांबलो तर आतूनच म्हणाल्या, "घंटेवाला ना रे? अजून पावलं मोजूनच टाकतोस. ये, या वेळी आत ये."

या वेळी. म्हणजे त्यांना तेव्हाही कळले होते. मी बाटली त्यांच्या हातात दिली.

"इतके दिवस कुठं होती ही?"

"कांद्यांखाली, आजी."

त्यांनी बूच काढून हुंगले. "नशीब माझं, कांद्याचा वास नाही लागला."

मी टोपी काढून मान खाली घातली. आता कोणत्या भुताखेतांना बोलावतात, याची वाट पाहत होतो. आजींनी पहिली धार ओतली आणि नाव घेतले ते मावूचे. देवाचे. चर्चमध्ये दर रविवारी घेतो तेच नाव, त्याच आदराने. त्यानंतर नवऱ्याचे. जमिनीने जिन पिऊन टाकली. मी 'आमेन' म्हणालो, आणि माझ्या वडिलांना ते ऐकू गेले असेल तर हरकत नाही.

मग त्यांनी ओळ म्हटली:

दार ठेव, माणूस ठेव,
चटई तेवढी परत दे, पाहुणे आलेत.

मी मान वर केली. आजी दात नसलेल्या तोंडाने हसत होत्या.

"मातीला लोक आले होते आणि बसवायला चटई नव्हती घरात. तेव्हा हसू आलं, म्हणून तर जगले. आणि तुम्ही मेल्यांनो, वीस वर्षं रेडिओवर रडत ठेवलंत मला!"

"आजी, क्षमा करा."

"ती बाटलीबरोबर आली. जा, त्या गिटारवाल्याला आण."

आग्बेकोला सगळे सांगितले. त्याने गिटार खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "कोमला, तुझ्यासारखा सरळ माणूस खोटं बोलेल असं कुणाला वाटणार? गाढवा! घंटा घे."

दुपारी आजींच्या अंगणात आम्ही दोघे वाजवत होतो. 'पाहुणे आलेत' यावर गिटार थांबली, मी सातवा ठोका दिला आणि हात खाली घेतला. गाणे संपले. वीस वर्षांत प्रथमच. मागून फक्त समुद्र ऐकू येत होता. मी घंटा मांडीवर घेऊन वाळूतच बसलो.

पाचवे, ती रेकॉर्ड पुन्हा कोणी काढली तर गाणे कोसिवा ग्बेकू यांच्या नावावर, शेवटच्या ओळीसह.

सहावे, आग्बेकोला काहीही नाही. साक्षीदाराला वारसा देता येत नाही असे शाळामास्तर म्हणतात, त्यांचे आभार.

चौथे कलम रद्द समजावे. बाटली मी आज माझ्या हातांनी पोचवली आहे.

स्थळ: केटा. सोमवार, १४ मार्च १९९४.

सही: बेंजामिन कोमला दोग्बात्से

साक्षीदार:
१. आग्बेको सोक्पोली, गिटारवादक (सही)
२. कोसिवा ग्बेकू, गाणी बांधणाऱ्या (डाव्या हाताचा अंगठा, मजकूर वाचून दाखवला, चटईच्या ओळीला पुन्हा हसल्या)