अडीच व्होल्टचा आधार

बुवापाडा, अंबरनाथ
२२ ऑगस्ट १९९३

प्रिय शालन,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष सोडून घरी येतेस, बाबांच्या कामाला हात लावतेस, असं लिहिलंयस. ते पत्र मी बुद्धमूर्तीच्या फळीवर ठेवलंय, बाबांना अजून दाखवलेलं नाही. आधी इकडची बातमी ऐक, मग त्याचं बोलू.

तू काढून दिलेल्या नकाशावरून बाबा अजून इमर्जन्सी दिवे बनवतात आणि उल्हासनगरला टेकचंदशेठच्या दुकानात देऊन येतात. कारखाना बंद झाल्यापासून चूल त्यावरच आहे. वर्षावास लागला तेव्हा त्यातला एक दिवा त्यांनी विहारात दान दिला, कारण नेमकी संध्याकाळच्या ग्रंथवाचनालाच लाईट जाते. गेल्या रविवारी भागीरथीबाई वाचत होत्या. लाईट गेली, बाबांचा दिवा लागला, सगळ्यांनी कौतुकानं मागं वळून बघितलं, आणि पान उलटायच्या आत दिव्यानं मान टाकली. पोरं हसली. भागीरथीबाई म्हणाल्या, ‘शंकरराव, दान इथं दिलंत, मग उजेड कशाला घरी ठेवलात?’ आम्ही अंधारातच त्रिसरण म्हणून उठलो. दुसऱ्या दिवशी शेठनेही खोकी परत केली. म्हणाला, ‘ये बत्ती है के अगरबत्ती?’

बॅटरी नवी होती, तारा नीट होत्या. बाबांनी दिवा उघडून मीटर लावला. ती तीन पायांची बारकी चिप तू मला समजावली होतीस बघ. घरातल्या मापट्यासारखी, अडीच व्होल्ट म्हणजे किती, एवढंच तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावरून मोजायचं. ती अडीचच्या जागी सव्वादोनच दाखवत होती. म्हणून बॅटरी पुरती भरायच्या आधीच चार्जर समजायचा, झाली भरली, आणि थांबायचा. कारण काय, तर शेठला पुढून शोभा हवी म्हणून बाबांनी बारका लाल दिवा वाढवला होता. बॅटरीवर जोडला तर तो हळूहळू मंदावतो, चिपच्या पायावर जोडला की कसा एकसारखा. पहिल्यानं काही बिघडलं नाही, म्हणून हिरवा लावला. मग पिवळा. इथून वीज ओढू नये, असं तू नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलंही होतंस. पण जी जागा कधी हलत नाही, तिथंच माणूस आणखी एक काहीतरी टांगतो. चिप जळली नाही, धूर नाही, वास नाही. कमी होत गेली आणि कुणाला कळलं नाही. बाबांनी तिन्ही दिवे काढले तशी ती परत अडीचवर आली. आता त्या दिव्यांना वेगळा ट्रान्झिस्टर दिलाय. काल वाचन संपलं तरी विहारातला दिवा विझेना. भागीरथीबाईंना बटण सापडेना, शेवटी त्यांनी त्यावर पदर टाकला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तूच आहेस. धाकट्या किसनच्या ॲडमिशनचं शालन बघेल. रखमाआत्याच्या पेन्शनचा अर्ज शालन लिहील. बाबा अडले की तुला पत्र, मला करमलं नाही की तुला पत्र. आणि तुझं प्रत्येक वेळी तेच उत्तर, मी ठीक आहे, वेळेवर जेवते. शेजारच्या पुतळीची चिमी तुझ्या होस्टेलवर येऊन गेली ना, तिनं मला सांगितलं. शालनताई दुपारची जेवत नाही, शिकवण्या घेते, आणि गेल्या परीक्षेत तिचा एक विषय राहिला. हे मला चिमीकडून कळावं?

म्हणून हे पत्र. तू घरी यायचं नाहीस. किसनच्या कॉलेजात मी स्वतः जाऊन आले. साहेबांनी खुर्ची दिली, काम झालं. आत्याचे अर्ज आता किसन लिहील, अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी. बाबांच्या मदतीला मी बसते. तांदूळ निवडून नजर तयारच आहे. तुझं पत्र बाबांना दाखवीन, पण हे टपालात टाकून आल्यावर, नाहीतर ते खाली आपली एखादी शंका लिहायला बसतील. तुझी परीक्षा होईपर्यंत इथून कुणाचंही पत्र येणार नाही. माझंसुद्धा नाही. याचंही उत्तर लिहू नकोस. त्या वेळात जेव.

तुझीच,
आई